खरवस झालेले ब्लॉक

चौगुलेसाहेबांनी ब्लॉकवर अंगठा दाबला आणि अंगठा नखापर्यंत आत गेला.

"काय ओ मॅडम, हे ब्लॉक हायत का खरवस?"

"दाबू नका," मी म्हणाले.

"दाबू नको? आवं, ह्यावरनं माणसं चालणार हायत न्हवं? तिसरा दिस उजाडला. आता काय वेलदोडा घालायचा ऱ्हायलाय?"

मागे उभी असलेली कॉलनीतली माणसं खो खो हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पेव्हर ब्लॉक म्हणजे आपण फुटपाथवर किंवा पार्किंगमध्ये बघतो ते सिमेंटचे जाड ठोकळे. रबरी साच्यात ओतले की दुसऱ्या दिवशी बाहेर काढता येतात, आणि त्यावर टिचकी मारली तर आपलंच बोट दुखतं. इथे कसबा बावड्यातल्या त्या नव्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर साचेच्या साचे मांडून ठेवलेले, आणि सगळ्यांत लगदा.

एकच बाई हसली नव्हती. प्रणिता तांडेल. ती साच्यांच्या कडेला उकिडवी बसली होती, ओठ घट्ट मिटून. ब्लॉकमध्ये वाळूच्या जोडीला जे भरडलेले शिंपले घातले होते ते तिचे होते.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "माझ्या शिंपल्यांचा काय चुकला ता सांगा."

ते मलाच माहीत नव्हतं.

आता मी कोण ते सांगते. कोल्हापुरात माझी मटेरियल टेस्टिंगची लॅब आहे. 'कांबळे लॅब' एवढाच बोर्ड असल्यामुळे अजूनही अधूनमधून कोणीतरी उपाशीपोटी रक्त द्यायला येतं. मी रक्त तपासत नाही. सिमेंट, वाळू, खडी, सळई तपासते. काँक्रीटचे ठोकळे मशीनमध्ये ठेवून फुटेपर्यंत दाबते आणि किती दाबाला फुटले ते लिहून देते. आयुष्यभर हेच केलं. घरची माणसं म्हणतात, म्हणूनच हिचा स्वभाव असा झालाय. म्हणू देत.

प्रणिता माझ्याकडे पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतर. मालवणच्या बाजूचं खेडं तिचं. एसटीच्या टपावरून दोन पोती आणलेली, आणि ती पोती लॅबमध्ये आली तशी माझी दोन्ही असिस्टंट पोरं चहाला म्हणून बाहेर गेली. मी पोत्याचं तोंड सोडलं आणि नाकाला ओढणी लावली. आत तिसऱ्या, कालवं असल्या खायच्या शिंपल्यांची टरफलं.

"तपासून देतल्यात?" तिने विचारलं.

"अगं, हे काय तपासू? ह्याचं कालवण करतात."

"कालवण करून झाला मॅडम. ह्या उरलेला."

मला हसू आलं आणि तिला मी खुर्ची दिली. तिच्या गावात हॉटेलं वाढली होती. पर्यटक तिसऱ्या खातात आणि टरफलं किनाऱ्यावर ओतली जातात. ढीग माणसाच्या उंचीचा झालेला. ही बाई गावातल्या बायकांना घेऊन ती टरफलं गोळा करायची, धुवायची, भरडायची आणि बांधकामाला वाळूच्या जागी विकायची, असा तिचा बेत. पंचायतीने एक पडीक शेड वर्षभरासाठी वापरायला दिली होती. वर्ष संपत आलेलं, आणि एका हॉटेलवाल्याला तीच शेड पार्किंगसाठी हवी होती.

"सरपंच म्हणतत, खऱ्या कामात वापरून दाखव, लॅबचो रिपोर्ट घेऊन ये, मगे शेड तुझी. नायतर ग्रामसभेत हॉटेलवाल्याक देतले."

"आणि शेड गेली तर?"

"तर शिंपले परत दर्यार, आणि आमी बायलमाणसां परत त्याच्याच हॉटेलात भांडी घासूक."

एवढं सरळ कोणी सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही.

शिंपला म्हणजे बहुतेक सगळा चुनाच. कोकणात पूर्वी शिंपले भाजून त्याचा चुना करून घरं बांधत. त्यामुळे वस्तू वाईट नाही. भानगड एकच, मीठ. समुद्रातून आलेल्या वस्तूला मीठ चिकटलेलं असतं, आणि काँक्रीटमध्ये मीठ गेलं की आतली सळई गंजते, फुगते आणि स्लॅब फोडते. म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, शिंपले घराच्या स्लॅबमध्ये, कॉलममध्ये घालायचे नाहीत. पेव्हर ब्लॉकमध्ये सळई नसते. तिथे चालतील. आणि तेही स्वच्छ धुतलेले. तिची दोन पोती मी लॅबमध्येच नळाखाली धुतली, वाळवली, भरडली आणि थोडे ब्लॉक ओतून बघितले. चांगले दगडासारखे झाले. प्रणिताला फोन केला तर ती फोनवरच ओरडली.

पण ते लॅबमधलं झालं. सरपंचांना पाहिजे होतं खरं काम. मग मी चौगुलेसाहेबांना गाठलं.

चौगुलेसाहेब बावड्यातल्या त्या कॉलनीचे चेअरमन. घरची शेती, स्वतःचं गुऱ्हाळ, आवाज असा की माईकची गरज नाही, तरी माईक दिसला की सोडत नाहीत. कॉलनीच्या बागेभोवती पायवाट करायची होती. मी शिंपल्यांची गोष्ट सांगितली आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजे कोल्हापुरात समुद्र आणायचा! नाद खुळा! भाषणात सांगाय बरं हाय हे. करा मॅडम."

कॉलनीच्या मीटिंगमध्ये विरोध केला तो फक्त माने सरांनी. हे पीटीचे रिटायर्ड शिक्षक. गळ्यात अजून शिट्टी असते.

"मी संकष्टी करतो, गुरुवार करतो," माने सर उभं राहून म्हणाले. "माझ्या पायाखाली मासळी नको. आणि वास सुटणार, वासाला मांजरं येणार. सगळ्या बावड्याची मांजरं हितं गोळा होतील. लिहून घ्या."

"सर, मासळी न्हाय, टरफलं हायत," चौगुले म्हणाले. "आणि पायाखाली नको म्हंतायसा, तर तुमच्या पायात चप्पल कसली हाय?"

कोल्हापुरात राहून माने सर दुसरी कसली चप्पल घालणार? चामड्याची, कर्रकर्र वाजणारी. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. सर खाली बसले, पण "मांजरं येणार" हे खाली बसूनही दोनदा म्हणाले.

ठराव पास झाला. प्रणिताने टेम्पो भरून शिंपले पाठवले. आता एवढा माल धुवायचा कुठे? माझ्या लॅबची टाकी म्हणजे कपडे भिजत घालायच्या टबापेक्षा जरा मोठी. कॉलनीला पाणी एक दिवसाआड. परत चौगुलेसाहेब धावून आले.

"माझ्या गुऱ्हाळाचा सीझन संपत आलाय. एक कायल रिकामीच हाय. विहिरीला मोटर हाय. काय आंघोळ घालायची ती घाला तुमच्या शिंपल्यांना."

काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, ज्यात चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. मी जाऊन बघितली, घासून लख्ख केलेली. मला आणखी काय हवं? शिंपले भिजत घातले, पाणी बदललं, परत भिजत घातले. शेवटी धुतलेलं पाणी काचेच्या नळीत घेऊन मी त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मीठ असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. म्हणजे चांदीचं औषध टाकून मीठ शोधायचं. एकदा हुपरीचा एक चांदीवाला माझ्या लॅबमध्ये हे बघून हळहळला होता. इथे पाणी नितळ राहिलं. मीठ गेलं. मी खूश झाले आणि चौगुलेसाहेबांना म्हणाले, "एवढे वाळवून द्या, मग भरडायला घेऊ."

"ते आमच्यावर सोडा," ते म्हणाले.

मी सोडलं. तिथे मी शेण खाल्लं, पण ते कळायला वेळ लागला.

शिंपले वाळले, भरडले, आणि हणमंत मिस्त्रीने माझ्या डोळ्यांसमोर माल कालवून साचे भरले. प्रणिता मुद्दाम घाट चढून आली होती. तिने पहिल्या साच्याला हळद-कुंकू वाहिलं, चौगुलेसाहेबांनी नारळ फोडला, फोटो निघाले. आणि तिसऱ्या दिवशी खरवस.

आता मी कामाला लागले. काँक्रीट घट्ट होत नाही, याला कारणं मोजकीच. पहिलं, पाणी जास्त पडलं. पण मिस्त्रीच्या उरावर मी स्वतः उभी होते, बादली माझ्या नजरेखालची. दुसरं, सिमेंट जुनं. मी सिमेंटवाल्याला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करताच सुरू झाले. तुम्ही गोडाऊनच्या तळातला माल देताय, लोकांना फसवताय, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, झालं बोलून? त्याच लॉटमधनं तुमच्या कॉलनीच्या समोरच्या बंगल्याचा जिना ओतलाय, त्याच दिवशी. जरा मान वळवून बघा."

मान वळवली. जिन्यावरून माणसं वाळूची घमेली घेऊन वर चढत होती. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. सॉरी म्हणाले नाही. नंतर म्हणाले, पण ते खूप नंतर.

तिसरं कारण, मीठ. पण मीठ काँक्रीटला उशीर करत नाही, उलट घाई करतं. म्हणजे मीठ राहिलं असतं तर ब्लॉक लवकर कडक झाले असते. मग उरलं काय? शिंपले. आणि लॅबमध्ये तर ह्याच शिंपल्यांनी मला दगडासारखे ब्लॉक दिले होते. चुकून लॅबमधली टेस्टच चुकली असेल तर? ह्या बाईला मी उगाच घाट चढायला लावला असेल तर?

चौगुलेसाहेबांचा निर्णय झालेला होता.

"टाका हे सगळं उचलून. हणमंता, टिपर बोलीव. उद्याच्या उद्या खणीत टाक. मॅडम, तुमच्याबद्दल आदर हाय, पर समुद्राचं सामान समुद्रात बरं. आपल्या मातीत ते बसत न्हाय."

हणमंत मिस्त्रीने फावडं उचललं. मी साच्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. आमचं वय, आमची शुगर, भर उन्हात फावड्यापुढे उभं राहायचं हे काही शोभणारं दृश्य नव्हतं. पण दुसरा इलाज नव्हता. काँक्रीटचा पक्का रिपोर्ट अठ्ठावीस दिवसांनी देतात, कारण तोवर ते ताकद धरत असतं. प्रणिताची ग्रामसभा सत्तावीस दिवसांवर आलेली. हे ब्लॉक टाकून नवे ओतले असते तर रिपोर्ट ग्रामसभेनंतर आला असता, आणि रिपोर्टच्या आधी शेड गेली असती.

"मला कारण सापडेपर्यंत एकाही साच्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"आवं, पर किती दिस?"

"दोन."

"दोन दिवसांनी टिपर हितं उभा असंल," चौगुले म्हणाले. "मग तुम्ही मधी उभ्या ऱ्हायलासा तर तुम्हाला बी उचलून भरंल मिस्त्री."

मिस्त्री घाबरून म्हणाला, "न्हाय ओ मॅडम, मी न्हाय भरणार."

मी साच्यांवर ओली पोती घालायला लावली. ओलावा टिकला तर काँक्रीटला उशिरा का होईना, जमायची संधी राहते. लोक परत हसले. लगद्याला कोणी पाणी मारतं का? प्रणिता मात्र घागर घेऊन उठली आणि स्वतः पाणी मारत बसली. ती रात्री माझ्याकडेच उतरली होती. जेवायला बसली, भात चिवडला आणि म्हणाली, "हॉटेलवालो आताच फोन करून विचारता, पट्टे कधी मारू पार्किंगचे." मला त्या न बघितलेल्या माणसाचा एवढा राग आला की मीही ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माने सरांचा फोन.

"मॅडम, तक्रार नोंदवून घ्या."

"मांजरं आली का?"

"तेच तर! रात्रीपासून काठी घिऊन बसलोय. एक मांजर न्हाय. कुत्रं न्हाय. पर मुंग्या आल्यात. काय मुंग्या, काय मुंग्या! माझ्या कंपाउंडवरनं लाइन लावून चालल्यात तुमच्या मालाकडं. मी आधीच सांगितलं हुतं, कायतरी येणार. मुंग्या येणार म्हणलो न्हवतो, एवढंच."

मी फोन ठेवला, आणि चहाचा कप तोंडाकडे नेताना हात थांबला. मासळीला मांजर येतं. मुंगी कशाला येते?

प्रणिताला स्कूटरवर घातलं आणि बावडा गाठला. माने सर काठीने मुंग्यांची रांग दाखवत उभे होते. रांग ब्लॉककडे जात नव्हती. ती प्लॉटच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोपीत, उरलेल्या शिंपल्याच्या भरडीच्या पोत्याकडे जात होती. मी पोत्यात बोट घातलं आणि ती पूड जिभेला लावली.

"ई!" माने सर ओरडले. "मॅडम, आज गुरुवार!"

मी परत एकदा बोट घातलं आणि प्रणिताच्या पुढे धरलं. तिने चाखलं. तिचे डोळे मोठे झाले.

"मॅडम, गोड!"

चौगुलेसाहेब गुऱ्हाळातच होते, खाटेवर बसून सीझनच्या शेवटच्या गुळाचा हिशेब सांगत.

"चौगुलेसाहेब, शिंपले कुठं वाळत घातले होते?"

"भाईर घातलं हुतं पयलं. कुत्री पळवाय लागली. मग आत घेतलं, वाफ्यात पसरलं."

"कसल्या वाफ्यात?"

"गुळाच्या की! दुसरा कसला वाफा असतोय गुऱ्हाळात? ताजा गूळ काढल्याला, वाफा ऊबदार हुता. म्हटलं, बिचारी बाई लांबनं माल घिऊन आली, लवकर वाळंल. दोन डाव उलथनं फिरवलं मी सोता."

वाफा म्हणजे तो चौकोनी हौद, ज्यात काहिलीतला उकळता रस ओतून गार करतात आणि गूळ होतो. कितीही खरवडला तरी कडेकोपऱ्याला गुळाचा थर राहतोच. ओले शिंपले त्यावर पसरले, गूळ विरघळला, आणि प्रत्येक टरफलाला पाक बसला. म्हणजे मी मीठ जाईपर्यंत धुतलेले शिंपले ह्या भल्या माणसाने जीव लावून गुळात घोळवले होते.

मी कपाळावर हात मारला आणि तिथेच खाटेवर बसले. मग त्यांना समजावलं. सिमेंटला पाणी मिळालं की ते कडक व्हायला लागतं. पण साखर किंवा गूळ असला की तो सिमेंटच्या कणाला चिकटून बसतो आणि पाण्याला जवळ येऊ देत नाही. मूठभर गूळ पोतंभर सिमेंटला अडवतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. काँक्रीटची गाडी रस्त्यात अडकली आणि आतला माल गाडीतच गोठायची भीती वाटली, तर ड्रायव्हर त्यात साखर ओततात.

चौगुलेसाहेब उठून उभे राहिले. चेहरा लाल.

"म्हंजे दोष माझ्या गुळाचा? चौगुल्याच्या गुळाचा? मॅडम, पेठेत माझ्या गुळाला नाव हाय. आजवर ह्या गुळानं कुणाचं वाईट केलं न्हाय!"

"गूळ चांगलाच आहे, साहेब. ब्लॉकमध्ये नको होता."

"सिद्ध करा!"

मग काय, सिद्ध केलं. त्यांच्याच घरून दोन स्टीलच्या वाट्या आणवल्या. दोन्हींत सिमेंट आणि पाणी कालवलं. एका वाटीत त्यांच्या गुळाचा हरभऱ्याएवढा खडा विरघळवला. दोन्ही वाट्या त्यांच्या देवघरासमोर ठेवल्या, म्हणजे कोणी हात लावला म्हणायला नको.

प्रणिताला मात्र एकच विचारायचं होतं. परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, "मॅडम, शिंपल्यांचा काय चुकूक नाय, ह्या बरा झाला. पण ब्लॉक घट्ट होतले मा?"

मी खरं ते सांगितलं. गूळ थोडा गेला असेल तर सिमेंट फक्त झोपलंय, उठेल. जास्त गेला असेल तर मेलं. किती गेलाय, ते मला माहीत नाही. ती प्लॉटवर उतरली आणि घागर उचलली.

ठरलेल्या दिवशी टिपर आला. हणमंत मिस्त्री फावडं पाठीमागे लपवून उभा, जणू मला दिसणार नाही. माने सर शिट्टीसकट हजर. आणि चौगुलेसाहेब हातात दोन वाट्या घेऊन आले. एका वाटीतलं सिमेंट दगड झालं होतं. दुसरीतलं अजून खिरीसारखं.

मला वाटलं, माणूस खजील झाला असेल. छे! छाती पुढे.

"बघा मंडळी! ताकद बघा गुळाची! एवढं मोठं सिमेंट, त्याला हरभऱ्याएवढ्या खड्यानं गप बसवलं! दुसऱ्या कुणाच्या गुळाला हे जमंल का?"

"साहेब, ब्लॉक बघू या का?" मी म्हणाले.

प्रणिताने पोतं दूर केलं. चौगुलेसाहेबांनी वाट्या माने सरांच्या हातात दिल्या, वाकले, आणि सवयीप्रमाणे अंगठा जोरात दाबला.

"आयाईगं!"

अंगठा आत गेला नव्हता. साहेब बोट झटकत नाचत होते. प्रणिता मटकन खाली बसली आणि ब्लॉकवर हात फिरवत रडायला लागली. हणमंत मिस्त्रीने टिपरवाल्याला हाताने खूण केली, जा म्हणून. टिपरवाला म्हणाला, "भाडं कोण देणार?" पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पुढे नियमाप्रमाणे अठ्ठावीस दिवसांनी ते ब्लॉक मी मशीनमध्ये फोडले. लॅबमध्ये ओतलेल्या ब्लॉकपेक्षा ते जरा जास्तच दाबाला फुटले. त्यात नवल नाही. सावकाश जमलेलं काँक्रीट, वर ओलावा टिकवला असला तर, पुष्कळदा चांगलं जमतं. पण हे नशिबानं झालं. आणखी मूठभर गूळ गेला असता तर हा लेख मी लिहिला नसता.

रिपोर्टमध्ये मी गुळाचं सगळं लिहिलं. प्रणिता म्हणाली, "मॅडम, ता गुळाचा नको मा घालू. हसतले." मी म्हटलं, हसू देत. माझ्या सहीखाली अर्धं सत्य जात नाही. मात्र तिला एकटीला पाठवायचं मन होईना. मी गाडी काढली आणि तिच्याबरोबर घाट उतरले.

ग्रामसभेत हॉटेलवाला पहिल्याच रांगेत होता. पांढरा शर्ट, दोन फोन. त्याने रिपोर्ट हातात घेतला, गुळाची ओळ शोधली आणि मोठ्याने वाचली. सभा हसली. प्रणिताने मान खाली घातली.

"म्हणजे शिंपल्यांका गूळ लावून चिकटवलेलो हो ब्लॉक," तो म्हणाला. "पावसात चिवडो होतलो. ह्याच्यासाठी शेड देतल्यात?"

असं म्हणून त्याने टेबलावरचा ब्लॉक उचलला, डोक्याइतका वर नेला आणि सगळ्यांना दिसेल असा पंचायतीच्या जमिनीवर आपटला.

आवाज असा झाला की बाहेरचे कावळे उडाले. ब्लॉकच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला, बस्स. पंचायतीची नवीकोरी फरशी मात्र मधोमध फुटून चार तुकडे झाली.

सरपंच एक वयस्कर बाई होत्या. त्या उठल्या, फुटलेल्या फरशीकडे बघितलं, ब्लॉककडे बघितलं, मग हॉटेलवाल्याकडे.

"फरशी तुझ्या पैशान," त्या म्हणाल्या. "आणि हय परत फरशी नको. प्रणिताचे ब्लॉक बसवा."

शेड राहिली. शिवाय तिथल्या तिथे पहिली ऑर्डरही आली, ती थेट पंचायतीची.

कॉलनीच्या पायवाटेचं उद्घाटन झालं तेव्हा चौगुलेसाहेब माईकवर बराच वेळ बोलले. समुद्राचं त्यांनी एका वाक्यात आटोपलं. बाकी भाषण गुळावर होतं. आता ते मला सारखं विचारतात, "मॅडम, गुळाच्या डब्यावर छापू का, सिमेंटपेक्षा भारी म्हणून? तुमची सही द्या की." मी सही देत नाही. माने सर त्या पायवाटेवर रोज सकाळी फिरतात, गुरुवारीसुद्धा, आणि अजून एकही मांजर आलं नाही याचं त्यांना मनातून वाईट वाटतं.

मी यातून एक शिकले. परक्या ठिकाणाहून आलेल्या मालावर आपण दहा संशय घेतो, त्याला धुतो, औषध टाकून बघतो. आपल्या घरच्या मालावर एकही घेत नाही. आता माझ्या लॅबमध्ये कोणी काहीही तपासायला आणलं, की मी आधी विचारते, "वाळवलं कुठं?" लोकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलंय.

प्रणिताला नाही वाटत. परवा तिचा टेम्पो आला. ड्रायव्हरकडे निरोप होता: "मॅडम, माल धुवून, खडखडीत वाळवून धाडलंय. चौगुल्यांच्या हातात मात्र पडूक नको."